देवाचा रुपया चिंचेनं, मग संग्रहाचा कशानं?

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यातले चार राणीछाप रुपये घासून ठेवायचा रिवाज होता. आजी भिजवलेली चिंच घ्यायची, वरून चुलीची राख, आणि अंगठ्यानं चोळ चोळ चोळायची. दिव्याच्या उजेडात ते रुपये असे लखलखायचे की नजर हलू नये. एका दिवाळीत लोखंडी पेटी सरकवली तेव्हा तिच्यामागून पाचवा रुपया निघाला, काळाकुट्ट. "हा कोन्या घरचा व माय?" म्हणत आजीनं तोही चिंचेच्या वाटीकडे ओढला. काकांनी मधेच उचलला म्हणून वाचला. आज पाचही शेजारी ठेवले की फरक दिसतो. चौघी राण्यांचे केस सपाट, नाक झिजलेलं. पाचवीच्या मुकुटाची नक्षी आणि कपड्यावरची वेलबुट्टी अजून मोजता येते.

या रुपयांवर १८६२ साल आहे. तेच साल १८७४ पर्यंत छापलं जात होतं, आणि मुंबई टाकसाळीच्या रुपयांवर नेमकं वर्ष ओळखायला बारीक ठिपके दिलेले असायचे. संग्राहक भिंग लावून ते ठिपके मोजतो. आमच्या चार रुपयांवरचे ठिपके दर दिवाळीच्या राखेत गेले.

म्हणून नाणं हातात घेतलं की आधी एवढंच पाहायचं: वर आहे तो मळ आहे की कात? माती, तेलकटपणा, हळद-कुंकू, चिकटपट्टीचा डिंक हा मळ, बाहेरून आलेला. चांदीवरचा काळपटपणा, तांब्यावरचा तपकिरी किंवा घट्ट हिरवा थर ही कात. ती धातूतूनच तयार झालेली असते. काढली की खालचा धातूही थोडा जातो आणि उघडी पडलेली चमक बनावट दिसते. मळ काढायला हरकत नाही. कातीला हात लावायचा नाही. खालची सगळी तुलना याच हिशेबानं केली आहे.

चिंच-लिंबू की नुसतं पाणी?

तांब्याचा गडवा चिंचेनं उजळतो कारण आंबटपणात वरचा थर विरघळतो. गडव्याचं त्यात काही जात नाही, त्याला पाणीच भरायचं असतं. नाण्याची सगळी किंमत त्या वरच्या पातळ थरात आणि त्याखालच्या अक्षरांत असते. लिंबू, दही, कोल्ड्रिंक, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, सगळी याच पंगतीतली. आंबट पदार्थ धातू खातो, पावडर ओरखडे पाडते, आणि राख लावून चोळलं तर दोन्ही एकदम. घासलेलं तांब्याचं नाणं आधी गुलाबी-नारिंगी दिसतं आणि महिन्याभरात डाग पडून विद्रूप होतं.

त्याच्यापुढे नुसतं पाणी म्हणजे काहीच न केल्यासारखं वाटतं, पण मातीसाठी माझा पहिला कौल पाण्यालाच. फक्त विहिरीचं किंवा बोअरचं नको. आम्ही दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पाण्यात मीठ आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, चहाच सांगतो. मिठातलं क्लोराइड तांब्याच्या नाण्याचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. अशा पाण्यात धुवून ठेवलेलं नाणं पावसाळ्यात पोपटी पावडर धरू शकतं. त्यापेक्षा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात मिळतं. बाटली सीलबंद पाहा आणि मागताना 'पाणी' असं स्पष्ट सांगा, कारण त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं.

काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवायचं, रोज पाणी बदलायचं. माती सैल व्हायला एक दिवसही लागतो, आठवडाही. बोटानं चोळायचं नाही. फार झालं तर कडुलिंबाची बारीक काडी ओली करून तिच्या मऊ टोकानं ढेकूळ ढकलायचं. पुसायला घरचा कापूस नको. वेचणीच्या कापसात कचरा आणि सरकीचे तुकडे असतात, ते वाळूच्या कागदासारखे घासतात. धुतलेल्या जुन्या मलमलीवर नाणं ठेवून वरून नुसतं टिपा.

रिठ्याचं काय, असं विचारणारे भेटतात, कारण चांदीचे दागिने त्यानं धुतात. चांदीच्या तेलकट नाण्याला एखाद्या वेळी चालेल. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून तांब्याला मी लावत नाही.

तेल की ॲसिटोन?

दोघांची कामं वेगळी आहेत, पण लोक एकाच्या जागी दुसरं वापरतात. चिकट काही असेल, डिंक, मेण, देव्हाऱ्यातलं तूप, प्लॅस्टिकच्या पाकिटानं सोडलेला हिरवट चिकटा, तर ॲसिटोनला तोड नाही. ते चिकट पदार्थ विरघळवतं आणि धातूला शिवत नाही. शुद्ध घ्या. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत वास आणि तेल मिसळलेलं असतं, ते नाण्यावर बसून राहतं. भांडं काचेचं, खिडक्या उघड्या, आणि चूल, गॅस, बिडी सगळं लांब. ॲसिटोन भडकन पेटतं आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात त्याची वाफ आणखी लवकर पसरते. हे काम मी हिवाळ्यात करतो.

मातीचा कडक थर मात्र ॲसिटोननं हलत नाही. तिथं तेल, तेही तांब्याच्या नाण्यालाच. पण कोणतं? खोबरेल खवट होतं. समईच्या खाचेत तेल साचून कसं हिरवं होतं ते रोज पाहतो, तसंच नाण्याचंही होईल. जवसाचं तर मुळीच नको. ते वाळून वार्निशसारखं कडक होतं, लाकडाला लावतात ते त्याच गुणासाठी. औषधाच्या दुकानात बद्धकोष्ठावर मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. ते खवट होत नाही, धातूशी बोलत नाही. महिना-दोन महिने बुडवून ठेवायची तयारी हवी, आणि शेवटी तेल काढायला ॲसिटोन लागतंच. ज्याला घाई आहे त्यानं हा रस्ता धरू नये.

चांदीचा काळपटपणा: फॉइल की तसंच?

ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी ही युक्ती चांदीच्या ताट-वाटीला उत्तम. काळा थर म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग. फॉइल त्यातलं गंधक ओढून घेते. घासणं नाही म्हणून लोकांना ती सौम्य वाटते. पण नाण्यावर ती कातच काढते. मागे राहते ती मेलेली, पांढुरकी चांदी, आणि नाणं फिरवलं की सरकत जाणारी मूळ चकाकी परत येत नाही. नाण्यांना दर्जा देणाऱ्या संस्था अशा नाण्यावर 'साफ केलेलं' असा शेरा मारतात आणि किंमत उतरते. सोनाराकडे उजळायला देणं त्याहून वाईट, तिथं पॉलिशच होतं. एकसारखा काळा किंवा निळसर-सोनेरी रंग चढलेला रुपया असेल तर माझं उत्तर साधं आहे: काही करू नका.

अपवाद देव्हाऱ्यातल्या रुपयांचा. ते पूजेचे आहेत, विकायचे नाहीत, आणि आधीच झिजलेत. त्यांना चिंच लावली तर मी कोणाला टोकणार नाही.

तीन पैसे, पाच पैसे अशा ॲल्युमिनियमच्या नाण्यांना सोडा, राख, चिंच काहीच चालत नाही. सोडा तर ॲल्युमिनियम खातो. डिस्टिल्ड पाणी, बस.

पांढरीतलं नाणं

पहिल्या पावसानंतर गढीखाली, पांढरीच्या म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीत शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) किंवा त्याहून जुनं काही दिसतं. इथं 'कशानं धुऊ' हा प्रश्नच नंतरचा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. धुण्याआधी कळवणं शहाणपणाचं, कारण माती लागलेलं नाणं अभ्यासकाला जास्त सांगतं. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. पुराणांच्या यादीत नसलेली कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं त्या नाण्यांवरून कळली. तांबं, शिसं, कथील मिसळलेल्या त्या ओबडधोबड धातूवर कोणी चिंच चोळली असती तर ती अक्षरं उरली नसती.

घरातल्याच जुन्या तांब्याच्या नाण्यावर हिरवं दिसलं तर काडीचं टोक लावून पाहा. घट्ट आणि गडद असेल तर ती कात, राहू द्या. फिकट पोपटी असेल, पिठासारखी झडत असेल आणि दमट हवेत पुन्हा येत असेल तर तो रोग आहे. नाणं इतरांपासून वेगळं करा, डिस्टिल्ड पाण्यात काही आठवडे ठेवून पाणी बदलत राहा, पूर्ण सुकवा. तरी पावडर आली तर घरचे उपाय थांबवून जाणकाराकडे न्या.

ठेवताना कागदी पाकीट बरं. वह्यांच्या मऊ प्लॅस्टिक कव्हरात ठेवू नका, तो हिरवा चिकटा तिथूनच येतो. चांदीला रबरबँड नको, रबरात गंधक असतं. आणि पिकावरच्या भुरी रोगावर धुरळायच्या गंधकाचं पोतं ज्या खोलीत आहे, त्या खोलीतून रुपयांचा डबा आजच हलवा.