कोरोना की नेग्रा मोदेलो?
मेक्सिकन बिअर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तोंडाशी लिंबाची फोड खोचलेली कोरोनाची पारदर्शक बाटली येते; परंतु कोरोना बनवणाऱ्या, मेक्सिको सिटीत 1925 मध्ये सुरू झालेल्या मोदेलो कंपनीचीच गडद बिअर नेग्रा मोदेलो शेजारी ठेवल्याशिवाय तेथील बिअरपरंपरेची खोली ध्यानात येत नाही.

कोरोना ही फिकट, हलकी लागर (कमी तापमानात आंबवलेली बिअर) असून भर उन्हाळ्यात सेविचेसारख्या माशांच्या आंबट पदार्थाबरोबर ती छान जमते. मात्र पारदर्शक काचेतून प्रकाश आत शिरला की हॉप्समधील (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधील) कडू घटक बदलतात आणि बिअरला उग्र दर्प येतो, त्यामुळे दुकानात उजेडात मांडलेली बाटली टाळावी.

नेग्रा मोदेलोची कुळकथा अधिक रंजक आहे. ऑस्ट्रियन बिअर उत्पादक अँटोन ड्रेहर यांनी 1841 च्या सुमारास व्हिएन्नाजवळ तांबूस लागर घडवली. युरोपात ही शैली पुढे जवळजवळ लोपली. मेक्सिकोत मात्र, तोलुका येथील स्विस वंशाचे सांतियागो ग्राफ यांच्यासारख्या स्थलांतरित बिअर उत्पादकांमुळे, ती टिकून राहिली, आणि हे जतन मला मेक्सिकोचे फार मोठे देणे वाटते. नेग्रा मोदेलोत भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) खरपूस, किंचित कॅरमेलसारखा गोडवा जिभेवर रेंगाळतो आणि मोले या मिरची-कोकोच्या दाट रश्शापुढेही तो दबत नाही.

निवड करायची झाल्यास मी नि:संकोच नेग्रा मोदेलो घेईन. ती ग्लासात ओतून, फार गार न करता आणि लिंबू न पिळता प्यावी.