व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर ४५० : किडनी बदलल्यानंतरच्या सीएमव्हीवर काही महिने वापरून

धाकट्या भावाला आईची किडनी बसवली, तेव्हा सुरुवातीचे तीन महिने ही गोळी सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू) उठू नये म्हणून प्रतिबंधक चालू होती. ती थांबली आणि थोड्याच दिवसांत जुलाब लागले. जवळच्या दवाखान्यात 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून अँटिबायोटिक मिळालं. मग शौचातून रक्त जायला लागलं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढलं, टॅक्रोची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून चालू असलेल्या टॅक्रोलिमसची, रक्तातली लेव्हलही वाढली. जुलाबात औषध वाहून जाईल असं वाटतं, पण टॅक्रोलिमस उलट जास्त शोषलं जातं आणि किडनीला त्रास देतं.

रक्तात विषाणू शोधणारी तपासणी, सीएमव्ही पीसीआर, निगेटिव्ह होती. किडनी टिकवण्यासाठीच चालू असलेल्या दुसऱ्या औषधाने, मायकोफेनोलेटनेही, जुलाब होतात, त्यामुळे संशय तिकडेच जात होता. नेफ्रॉलॉजिस्टनी तरीही कोलोनोस्कोपीचा आग्रह धरला. मोठ्या आतड्यात व्रण निघाले, बायोप्सीत सीएमव्हीच्या घुबडाच्या डोळ्यासारख्या पेशी दिसल्या. आतड्यात बसलेला हा विषाणू रक्तात सापडेलच असं नाही. प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावं.

आधी गॅन्सायक्लोव्हिर शिरेतून दिलं, जुलाब आटोक्यात आल्यावर या गोळ्या. किडनी चांगली चालत असेल तर उपचाराचा डोस ९०० मिलिग्रॅम दोनदा असतो. याचं क्रिएटिनिन बघून ४५० दोनदा ठरला. गोळी जेवणासोबतच घ्यायची, तरच नीट शोषली जाते. हळूहळू पोट बसलं, भूक लागायला लागली, वजन भरलं. औषध काम करतं, याबद्दल मला शंका नाही.

खरी कसोटी पांढऱ्या पेशींची. दर आठवड्याच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) आकडा उतरत गेला आणि एकदा तीन हजारांच्या खाली आला. अशा वेळी घाबरून घरच्या घरी ही गोळी कमी करू नका. अर्धवट डोसात विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. आमच्या डॉक्टरांनी हिचा डोस तसाच ठेवला, मायकोफेनोलेट कमी केलं आणि पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं. पेशी सावरल्या. मायकोफेनोलेटही स्वतःहून बंद करायचं नाही, रिजेक्शनची, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याची, भीती असते.

गोळी महाग आहे, जेनेरिक घेऊनही महिन्याचं बिल जड जातं. आणखी एक, पाकिटावर बारीक अक्षरात असतं म्हणून सांगते: ही गोळी तोडायची, कुटायची नाही. गर्भाला अपाय करू शकते, म्हणून घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. आमची वहिनी डबा भरताना हातमोजे घालते.