५० लिटरचा रोटोमोल्ड आइस बॉक्स: गरवायला (गळाने मासे पकडायला) न्यावा का?

‘पाच दिवस बर्फ’ असं झाकणावरच छापलंय. मे महिन्यात गोव्यात तो पाच दिवस टिकत नाही, पण त्यात बॉक्सचा दोष थोडाच आहे. असले रोटोमोल्ड, म्हणजे अखंड साच्यातले जाडजूड प्लास्टिकचे बॉक्स परदेशात शिकारीला जाणाऱ्यांमध्ये लोकप्रिय झाले आणि त्यांच्यासोबत येणारे सल्लेही तिकडचेच: मांस रात्रभर मोकळ्या हवेत टांगून गार करा, मग बॉक्समध्ये भरा. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) शिकारीला बंदी आहे. आणि बाजारातून आणलेलं मांस जरी टांगलं, तरी मे महिन्यातल्या पंचवीस-सव्वीस अंशांच्या दमट रात्रीत ते गार होण्याऐवजी वास मारायला लागेल. तेव्हा हा बॉक्स इथे बघायचा तो बेतूलला किंवा शापोरा नदीच्या मुखाशी गरवायला जाणाऱ्याच्या नजरेने.

हिशेब सरळ आहे. भिंतीत साधारण पाच सेंटीमीटर पफ (उष्णता अडवणारा फोम), बाहेर ३२ अंश, आत शून्य. एवढ्या बॉक्समध्ये नुसत्या भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेने दिवसाला चार-साडेचार किलो बर्फ वितळतो. दहा किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणायला आणखी सव्वातीन किलो लागतो. बॉक्स तापलेल्या डिकीतून थेट काढला तर त्यालाच थंड करण्यात किलो-दोन किलो गेला. एकूण नऊ-दहा किलो, म्हणजे किलो मासळीला किलो बर्फ, तोही एकाच दिवसाचा. थोडक्यात, ५० लिटरच्या बॉक्समध्ये ५० लिटर मासळी मावत नाही. म्हणून आदल्या रात्री बॉक्स घरात आणा, दोन-तीन किलो बर्फ टाकून झाकण लावून ठेवा आणि सकाळी ते पाणी ओतून नव्याने भरा.

बर्फ दोन प्रकारचा घ्या. लादीचे मोठे तुकडे तळाला, कारण ते सावकाश वितळतात, आणि चुरा मासळीभोवती, कारण तो अंगाला चिकटून पटकन गार करतो. नुसत्या लादीवर ठेवलेला चोणकासारखा मोठा मासा खालून गार आणि वरून कोमट राहतो. जेटीवरचा बर्फ मासळीसाठी असतो, ग्लासात घालू नका.

बांगडे मिळाले तर त्यांची सोय आधी. दोन भाग चुरा आणि एक भाग स्वच्छ समुद्राचं पाणी अशा गाऱ्यात ते पकडल्याबरोबर बुडवा. ते उन्हात पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही, वासावरूनही दर वेळी कळत नाही. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं हे पुढचं. चोणक, तामसो असे मोठे मासे असतील तर कल्ल्याखाली चीर देऊन पाच-सात मिनिटं पाण्याच्या बादलीत रक्त जाऊ द्या, मग कल्ले आणि आतडी काढा. पित्ताची पिशवी फुटली तर तेवढा भाग लगेच धुवा, नाहीतर तुकडी कडू लागते. रिकाम्या पोटात मूठभर चुरा भरा. तीन किलोच्या माशाचा मधला भागच सगळ्यात उशिरा गार होतो आणि नासायला सुरुवातही तिथूनच होते.

गाऱ्यात मासळी पूर्ण गार झाली की पाणी सोडून द्या आणि तळाला जाळी ठेवून चुऱ्यात रचा. रक्ताच्या पाण्यात डुंबत राहिलेली मासळी दुसऱ्या दिवशी फिकी आणि लिबलिबीत निघते. इथे या बॉक्सची ड्रेनची तोटी खरंच कामाची आहे: भोक मोठं आहे आणि खवल्यांनी तुंबत नाही. तोटीचा वॉशर मात्र सुटा आहे, एक जादा घेऊन ठेवा.

आता तक्रारी. झाकणाचं रबर कोपऱ्यांत नीट बसत नाही. कागदाची पट्टी झाकणात अडकवून ओढा. अलगद निघाली तर तिथून गार हवा जातेय. विकत घेण्याआधी दुकानातच चारही कोपरे असे बघा. बिजागरीची सळई स्टीलची म्हणतात, पण खाऱ्या पाण्यापुढे तिचा भरवसा नाही. दर वेळी गोड्या पाण्याने धुवा. रिकामा बॉक्स अकरा किलोचा, भरला की तिसाच्या वर. बेतूलच्या खडकांवरून एकट्याने उतरवायचा विचारही करू नका. प्लास्टिकमध्ये वास मुरतो तो वेगळाच, त्यामुळे सोलकढीच्या बाटल्या दुसऱ्या पिशवीत.

काणकोणकडे कॅम्पला मांस न्यायचं तर आदल्या दिवशी पोर्क किंवा चिकन मसाला लावून चपट्या पिशव्यांत फ्रीझरमध्ये दगडासारखं गोठवा. ते स्वतःच बर्फाचं काम करतं. कच्चं मांस तळाला, बाकी सगळं वर. चोरिसांना (गोव्याच्या पोर्क सॉसेजना) बॉक्समध्ये जागा देऊच नका. मीठ, व्हिनेगर आणि धुरावर ते दोन दिवस बाहेर सहज निघतात.

सकाळी जाऊन दुपारी परतणार असाल तर जाड थर्माकोलची पेटी पुरे, बर्फ तेवढा किलोला किलो घ्या. दोन रात्रींचा बेत असेल तर हाच बॉक्स घ्या, पण वाटेत बर्फ पुन्हा भरता येईल अशी जेटी आधीच हेरून ठेवा. आणि घरी आल्यावर धुऊन झाकण उघडं ठेवूनच वाळवा.