लॅबच्या (लॅब्रॅडॉर कुत्र्याच्या) रंगाची डीएनए टेस्ट: रिपोर्ट भारी, पण समजावून कोणी सांगत नाही
आमची लॅब काळी, ज्याच्याशी मेटिंग केलं तोही काळाच, आणि पिल्लांमध्ये चक्क पिवळी पण निघाली, मग काय सोसायटीत "बाप नक्की तोच ना" सुरू 😄 म्हणून दोघांची कोट कलर टेस्ट केली. गालाच्या आतून ब्रश फिरवायचा नि पाठवून द्यायचा, सोप्पंय. रिपोर्टमध्ये दोन जीन वेगवेगळे दाखवतात ते आवडलं, टीवायआरपी१ ठरवतो काळा की चॉकलेट, पण तो रंग केसात उतरणार का ते एमसी१आरच्या हातात, तिथे आई आणि बाप दोघांकडूनही छोटा ई (त्या जीनचं दबून राहणारं रूप) आला की पहिला जीन काहीही म्हणो, पिल्लू पिवळंच. आमच्या दोघांकडेही एकेक छोटा ई लपलेला निघाला, म्हणजे प्रत्येक पिल्लाला पिवळं व्हायचा २५ टक्के चान्स होताच. नाक मात्र पहिल्याच जीनचं ऐकतं, म्हणून पिवळ्यांमध्ये काळ्या नाकाची आणि ब्राऊन नाकाची अशी दोन्ही असतात, हे रिपोर्टमध्ये कुठेच नाही, व्हेटने सांगितलं. पिवळ्यात क्रीम की लालसर, ते आणखी वेगळ्या जीन्सवर, त्याबद्दल तर चकार शब्द नाही. नुसत्या कुतूहलासाठी महागच पडते, ब्रीडिंग करणार असाल तर घ्या.