मेथिलफेनिडेटची बारा तासांची गोळी: काही महिन्यांनंतर

मोठेपणी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराचं, निदान झालं आणि डॉक्टरांनी मेथिलफेनिडेट सुरू केलं. आधी साधी गोळी होती. आता बरेच महिने सकाळी एकदाच घ्यायची ऑस्मॉटिक गोळी (पाणी आत ओढून औषध हळूहळू बाहेर ढकलणारी) चालू आहे, २००० साली 'कॉन्सर्टा' नावाने आली त्या धर्तीची. दोन्हींत औषध एकच, आणि तेही जुनं: १९४४ मध्ये सीबा कंपनीतल्या लेआंद्रो पानिझोन यांनी ते बनवलं, पुढे बायकोच्या, रिटाच्या, नावावरून त्याला 'रिटालिन' म्हटलं गेलं. पण माझ्या दिवसात फरक पडला तो गोळी बदलल्यावर.

साध्या गोळीचा असर तीन-चार तास. चढायची झपकन आणि उतरायचीही तशीच. उतरताना चिडचिड, थकवा, कुणी साधं काही विचारलं तरी तिरकं उत्तर. शिवाय दुपारची गोळी आठवणीने घ्यायची. ज्याचं लक्ष ठिकाणावर नसतं त्यालाच ही जबाबदारी, वा!

नव्या गोळीत औषधाचा साधारण पाचवा हिस्सा वरच्या लेपात असतो, १८ मिलिग्रॅमच्या गोळीत ४. तो तासाभरात कामाला लागतो. लेपाच्या आत एक पडदा आहे. तो पाणी आत येऊ देतो, पण औषध बाहेर सोडत नाही. त्याला लेझरने पाडलेलं एक बारीक भोक असतं. आत औषधाचे दोन थर आणि तळाशी पाणी शोषून फुगणारा तिसरा. पाणी झिरपत जातं, तळचा थर फुगतो आणि ट्यूबमधून पेस्ट निघावी तसं औषध भोकातून हळूहळू बाहेर ढकललं जातं. दुसऱ्या थरात औषध जास्त दाट, म्हणून दिवस चढतो तशी मात्राही चढते. हे मुद्दाम केलंय. मुलांवरच्या चाचण्यांत दिसलं होतं की औषध दिवसभर एकसारखं देत राहिलं तर परिणाम हळूहळू फिका पडतो.

म्हणूनच ही गोळी चावायची, कुटायची किंवा तोडायची नाही. रिकामं कवच अख्खंच्या अख्खं शौचावाटे बाहेर पडतं. ते दिसलं तर गोळी पचलीच नाही असं समजून दुसरी घेऊ नका. आतडं कुठे अरुंद असेल तर ही गोळी मुळात चालतच नाही, हे डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

परिणामाचं म्हणाल तर मी जराही हुशार झालेले नाही. कंटाळवाण्या कामाला हात घालण्याआधी आत जी झटापट चालायची, ती कमी झाली. आता बसते आणि बसून राहते. पण कशावर बसायचं ते गोळी ठरवत नाही. एकदा अहवाल लिहायला बसले आणि फोल्डरांची नावं एकसारखी करण्यात अख्खी दुपार गेली, तीही अगदी तल्लीन होऊन.

त्यामुळे २०२३ चा एक प्रयोग वाचून नवल वाटलं नाही. एडीएचडी नसलेल्या ४० जणांना मेथिलफेनिडेट, मोडाफिनिल किंवा डेक्स्ट्रोअँफेटामिन (ही दोन्हीही मेंदूला तरतरी देणारी औषधं) किंवा नुसती खोटी गोळी देऊन पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवण्याचं कोडं सोडवायला लावलं होतं. औषध घेतल्यावर लोक जास्त वेळ झटले, जास्त चाली केल्या, पण त्या चालींचा दर्जा घसरला. परीक्षेआधी 'मलाही एक दे' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. ते पटलं नाही तर दुसरं: हे औषध १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित आहे, दुसऱ्याला द्यायचं नसतं, आणि त्यांच्या हृदयाची तपासणी मी केलेली नाही.

त्रासही आहेत. दुपारी भूक गायब, रात्री मात्र डबे उघडत फिरायचं. तोंड कोरडं पडतं. नाडी थोडी जलद चालते, म्हणून रक्तदाब आणि वजन यांची नोंद ठेवते. सगळ्यात मोठी अडचण झोपेची. साध्या गोळीचा दुसरा डोस टाळता यायचा, पण ही एकदा गिळली की बारा तास तिचेच. सकाळी उशीर झाला तर मी त्या दिवशी घेतच नाही. डॉक्टरांनीच तसं सांगून ठेवलंय.

दुकानात 'तेच औषध, तेवढेच मिलिग्रॅम' म्हणून दुसऱ्या कंपनीची गोळी हातात पडली तर आत ऑस्मॉटिक पंप आहे का ते विचारा. मला एकदा तशी मिळाली, आणि दुपारनंतर पुन्हा तीच जुनी चिडचिड सुरू झाली. हा निव्वळ मनाचा खेळ नसावा. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, अशा दोन जेनेरिक गोळ्यांचा 'मूळ गोळीच्या जागी चालेल' हा दर्जा काढला होता. कारण दिवसाच्या उत्तरार्धात त्या औषध पुरेशा वेगाने सोडत नसाव्यात, अशी शंका होती.

मी चालूच ठेवणार आहे. पुढच्या भेटीत डोस वाढवण्याचा विषय काढणार नाही, मात्र वजन उतरतंय आणि सुट्टीच्या दिवशी गोळी टाळली तर चालेल का, हे विचारायचं आहे.