लेक पॉवेल की ब्लॅक कॅन्यन? मित्रांसोबत कयाक आणि तंबूची सहल ठरवताना

नैऋत्य अमेरिकेच्या वाळवंटात कयाक घेऊन जायचं आणि पाण्याकाठी तंबू ठोकायचा, इतकं ग्रुपमध्ये पक्कं झालं की पुढची चर्चा बहुतेक दोन नावांवर अडते. एक, युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरचा लेक पॉवेल. दुसरं, हूवर धरणाच्या पायथ्यापासून विलो बीचपर्यंतचा ब्लॅक कॅन्यन. फोटोंमध्ये दोन्ही सारखेच दिसतात: तांबूस कडे, हिरवं पाणी, मधे एक पिवळी कयाक. प्रत्यक्षात या दोन अगदी वेगळ्या सहली आहेत आणि फोटो बघून निवड केली की चुकते.

दोन्हीकडे पाणी कोलोरॅडो नदीचंच. पण पॉवेल हा ग्लेन कॅन्यन धरणाच्या वरचा साठा आहे, तर ब्लॅक कॅन्यन हूवर धरणाच्या खाली आहे. धरणाच्या वर पाणी थांबलेलं असतं, उन्हाने तापतं आणि वाऱ्याच्या ताब्यात असतं. धरणाच्या खाली ते वाहतं, बारा महिने गार असतं आणि त्याची पातळी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर चढते-उतरते. बाकीचे बहुतेक फरक यातूनच येतात.

पाणी आणि वारा

हूवर धरणातून सुटणारं पाणी लेक मीड या धरणामागच्या तलावाच्या खोल थरातून येतं. त्यामुळे ब्लॅक कॅन्यनमध्ये ते वर्षभर १२-१३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. वर हवा ४० अंश असली तरी कयाक उलटली की अंगाला बसतो तो १२ अंशांचाच धक्का. पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत बोटांची पकड जाते. म्हणून इथे लाइफ जॅकेट सीटमागे अडकवून ठेवायचं नाही, बकल लावून अंगावर घालायचं. कायद्याने ॲरिझोना, नेवाडा आणि युटा तिन्हीकडे १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते घातलेलंच हवं. मोठ्यांसाठी प्रत्येकी एक होडीत असलं तरी कायद्याचं समाधान होतं, गार पाण्याचं होत नाही.

पॉवेलचं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये २६-२७ अंशांपर्यंत चढतं आणि सप्टेंबरभर पोहण्याजोगं असतं. एप्रिलमध्ये मात्र तेही गारठलेलं असतं. तिथला खरा शत्रू वारा. मार्च ते मे हे वाऱ्याचे महिने. इतर वेळीही दुपारनंतर तो उठतोच. स्थिर पाण्यात नवखा माणूस ताशी अडीच-तीन मैल वल्हवतो. ताशी पंधरा मैलांचा वारा समोरून आला की तोच वेग निम्म्याच्याही खाली जातो. म्हणजे सकाळी तासाभरात कापलेलं अंतर परत यायला दोन-अडीच तास. त्यात हाउसबोटी आणि स्पीडबोटींच्या लाटा उभ्या कड्यांवर आपटून परत येतात, दोन दिशांच्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि पाणी नुसतं उकळत राहतं. अशा जागी काठ शोधून थांबावं म्हटलं तर काठच नसतो, दोन्ही बाजूंना सरळ भिंती. तलावाचा मुख्य रुंद पट्टा, जिथून बोटी जातात, तो ओलांडायचा असेल तर सकाळी दहाच्या आत ओलांडा, आणि परतीचा वेळ जाण्याच्या दुप्पट धरा.

ब्लॅक कॅन्यनमध्ये प्रवाह तुमच्या बाजूने असतो, पण दक्षिणेचा वारा दरीतून वर चढला की प्रवाहाचा फायदा पुसला जातो. विलो बीचवरून निघून वर एमराल्ड केव्ह या हिरव्या पाण्याच्या छोट्या गुहेपर्यंत जाऊन यायचा बेत असेल, तर हाच वारा जाताना पाठीशी असतो आणि सगळ्यांना वाटतं, किती सोपं आहे! परतीला तोच समोर येतो. म्हणून निघण्याआधी वाऱ्याचा वेग जितका बघायचा, तितकीच दिशाही.

परवाने, पैसे आणि गाडी कुठे ठेवायची

पॉवेल इथे सोपं आहे. ग्लेन कॅन्यन नॅशनल रिक्रिएशन एरियाची प्रवेश फी गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालते. रॅम्पवरून कयाक पाण्यात सोडायची आणि त्याच रॅम्पवर परत यायचं. अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीचा जो भाग नावाहो राष्ट्राच्या, म्हणजे मूळच्या नावाहो लोकांच्या, जमिनीवर आहे तिथे गाइडशिवाय जाता येत नाही. पण तलावाच्या बाजूने त्याच घळीच्या खालच्या टोकात कयाकने स्वतः शिरता येतं. अँटिलोप पॉइंटच्या रॅम्पवरून घळीच्या तोंडापर्यंत सुमारे मैलभर, आणि मग आत पाणी असेल तितकं. पाणी संपलं की कयाक ओढून ठेवायची आणि चालत पुढे. अर्ध्या दिवसाचा याहून चांगला बेत या तलावावर नवख्यांसाठी सापडणार नाही.

‘पाणी असेल तितकं’ हे मात्र गांभीर्याने घ्या. हा तलाव १९८० मध्ये पहिल्यांदा ३,७०० फुटांच्या पूर्ण पातळीला भरला. २०२३ च्या सुरुवातीला तो ३,५२० फुटांच्या आसपास, भरल्यापासूनच्या नीचांकाला होता, आणि त्याच उन्हाळ्यात बर्फ वितळून साठ फुटांहून जास्त चढला. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या वर्णनावर विसंबून रॅम्प, किनारा किंवा घळीची लांबी ठरवू नका. निघायच्या आठवड्यात पातळी आणि कोणते रॅम्प उघडे आहेत ते पाहा. पाणी उतरलेल्या काठांवर वरून सुकलेला दिसणारा गाळ पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत ओढतो. उतरण्याआधी वल्ह्याने टोचून बघा.

ब्लॅक कॅन्यनला दोन दारं आहेत. धरणाच्या पायथ्याशी सुरुवात करायची तर ती जागा सुरक्षा क्षेत्रात येते. तिथे आपली गाडी घेऊन जाता येत नाही. अधिकृत व्यावसायिकाकडून परवाना आणि शटल आधी बुक करावं लागतं आणि प्रत्येकाकडे फोटो ओळखपत्र लागतं. तिथून विलो बीच सुमारे बारा मैल. सहाजणांपैकी एकजण ओळखपत्र गाडीत विसरला तर सगळा ग्रुप खोळंबतो, तेव्हा ते आदल्या रात्रीच तपासा. दुसरं दार विलो बीचचं. लेक मीड नॅशनल रिक्रिएशन एरियाची गाडीमागे २५ डॉलर फी भरा, कयाक तिथेच भाड्याने मिळते, वर दोन मैलांवर एमराल्ड केव्ह. परवाना नको, शटल नको. दोन्ही ठिकाणी जाणार असाल आणि अमेरिकेत राहत असाल, तर ८० डॉलरचा वार्षिक पास वर्षात आणखी एखाद-दुसरं उद्यान झालं की वसूल होतो.

धरणाकडून निघणाऱ्यांनी एक गोष्ट सगळ्यांना स्पष्ट सांगायला हवी: एकदा निघालं की विलो बीचलाच बाहेर पडायचं. मधे रस्ता नाही, बहुतेक ठिकाणी फोनला सिग्नल नाही, आणि प्रवाहाविरुद्ध परत जाणं नवख्याला जमत नाही. पॉवेलवर एखादा दमला तर वळून परत जाता येतं. ग्रुपमधल्या सगळ्यात कच्च्या वल्हवणाऱ्याचा विचार करून ठरवा, आणि त्याला दोघांच्या कयाकमध्ये एखाद्या सरावलेल्याबरोबर बसवा.

वार निवडता येत असेल तर ब्लॅक कॅन्यनच्या वरच्या भागासाठी रविवार किंवा सोमवार घ्या. त्या दोन दिवशी तिथे मोटरबोटींना बंदी असते. दरीतली ती शांतता पॉवेलच्या गजबजलेल्या भागात कोणत्याही किमतीला मिळत नाही.

मुक्काम

कॅम्पिंग हाच सहलीचा गाभा असेल, म्हणजे एकदा तंबू ठोकून दोन-तीन रात्री तिथेच, रोज सकाळी वल्हवायचं, दुपारी पोहायचं, तर पॉवेल नि:संशय वरचढ. लोन रॉक बीचवर गाडी थेट वाळूवर नेता येते, त्यामुळे खुर्च्या, मोठा कूलर, शेगडी सगळं सोबत. पण हीच सोय दरवर्षी गाड्या रुतवते. साध्या भाड्याच्या सेडानने कडक, चाकोरी पडलेल्या पट्ट्यावरच थांबावं. चार चाकांना ताकद असलेल्या गाडीतही वाळूत शिरण्यापूर्वी टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवावी आणि परत भरायला पंप जवळ असावा. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर दाबू नका. गाडी आणखी खोल जाते. चाकापुढची वाळू उपसा, हवा आणखी थोडी कमी करा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे घ्या. तिथे शेजारीच ऑफ-रोड गाड्यांचा भाग आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी शांततेची अपेक्षा ठेवू नका.

वाळूत तंबूच्या नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत. कापडी पिशवीत वाळू भरायची, दोर बांधायचा, हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरायची आणि वरून पायाने दाबायचं. चारही कोपऱ्यांना अशा पिशव्या आणि आत सामानाचं वजन, तरच संध्याकाळच्या वाऱ्यात तंबू जागेवर राहतो. रिकामा तंबू उभा ठेवून पाण्यावर जाणं म्हणजे तो तलावाला देऊन टाकणं.

पॉवेलच्या काठापासून पाव मैलाच्या आत मुक्काम असेल आणि जवळ शौचालय नसेल, तर स्वतःचं पोर्टेबल टॉयलेट नेणं बंधनकारक आहे. खड्डा खणून चालत नाही, कारण पातळी वाढली की तो किनारा पाण्याखाली जातो. ब्लॅक कॅन्यनमध्येही मैला सोबतच बाहेर न्यायचा असतो. माणशी रोज एक बंद होणारी पिशवी आणि ती ठेवायला घट्ट झाकणाचा डबा, हे सामान खाण्याच्या यादीइतक्याच काळजीने भरा.

ब्लॅक कॅन्यनमधला मुक्काम वेगळा. जे कयाकमध्ये मावेल तेवढंच सोबत. भाड्याच्या सिट-ऑन-टॉपवर, म्हणजे वर उघड्यावर बसायच्या कयाकवर, दोन रात्रींचं सामान रचलं की ती वरून जड होऊन डुलते. आत बंद कप्पे असलेली टूरिंग कयाक मागा, आणि जड पाणी तळाशी, सीटच्या जवळ ठेवा. पाणी माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. उन्हात वल्हवणार असाल तर पाच लिटर.

तिथे रात्री कयाक वाहून जाण्याचा धोका खरा आहे. विजेची मागणी वाढली की धरणातून पाणी जास्त सुटतं आणि नदी काही फुटांनी चढते. उतरताना पाणी खाली असेल तर काठ मोठा, छान दिसतो. वाळूतली गडद ओली पट्टी आणि तिच्या वर काटक्या-पानांची रेघ शोधा. त्या रेघेच्याही वर कयाक ओढा, पुढचा दोर दगडाला किंवा टॅमरिस्कच्या बुंध्याला बांधा आणि वल्ही तंबूजवळ ठेवा. तंबूही त्या रेघेच्या वरच.

या कष्टाचं बक्षीस म्हणजे गरम पाण्याचे झरे. ॲरिझोना हॉट स्प्रिंग्ज नदीकाठापासून थोडंच चालत. वरच्या कुंडांकडे लोखंडी शिडी चढून जायचं. गार नदीतून आल्यावर त्यात बसण्यासारखं सुख नाही, पण डोकं बुडवू नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका. मेंदूला घातक संसर्ग करणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा अशा पाण्यात असू शकतो, तशी सूचना उद्यान प्रशासनही देतं.

कधी जायचं

पेज हे पॉवेलजवळचं गाव ४,३०० फुटांवर आहे, विलो बीच त्याहून कितीतरी खाली. म्हणून पेजला जुलैची दुपार ३६-३७ अंशांची असते तेव्हा ब्लॅक कॅन्यन ४२ च्या पुढे गेलेला असतो. मे मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत झऱ्यांकडे जाणाऱ्या डोंगरवाटाही उष्णतेमुळे बंद ठेवतात. ब्लॅक कॅन्यनसाठी मध्य ऑक्टोबर ते नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल. पॉवेलसाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात: पाणी अजून कोमट, वारा कमी, गर्दी ओसरलेली. जुलै ते मध्य सप्टेंबर वादळी पावसाचे असतात. त्या काळात अरुंद घळीत शिरण्याआधी फक्त डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमध्ये ११ जण दगावले, तो पाऊस मैलोन्मैल दूर पडला होता.

घड्याळाचा घोळही इथेच होतो. उन्हाळी वेळ चालू असताना युटा ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतो. पेज ॲरिझोनाच्या वेळेवर, लोन रॉक युटात, आणि फोन दोन्ही टॉवरांमध्ये झुलत राहतो. कयाक परत करायची वेळ कोणत्या राज्याची, हे विचारून घ्या.

तिसरा पर्याय, थोडक्यात

ग्लेन कॅन्यन धरण ते लीज फेरी हा पंधरा मैलांचा टप्पा दोन्हींच्या मधला आहे. लीज फेरीला गाडी ठेवायची, मोटरबोट तुम्हाला कयाकसकट वर सोडते आणि हॉर्सशू बेंडखालून वल्हवत गाडीपाशी यायचं. पाणी गार, प्रवाह सौम्य, सुरक्षा क्षेत्राची भानगड नाही. माझ्या मते पहिल्यांदाच नदीत उतरणाऱ्या ग्रुपसाठी हा ब्लॅक कॅन्यनपेक्षाही बरा. फक्त लीज फेरीचा रॅम्प चुकवायचा नाही; त्यापुढे ग्रँड कॅन्यन सुरू होतो आणि तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही.

कोणी काय निवडावं

मुलं सोबत आहेत, पोहायचं आहे, सामान भरपूर आहे: पॉवेल, सप्टेंबरात. सगळे तंदुरुस्त आहेत, लास वेगासला विमानाने येणार आणि हातात दोनच दिवस: ब्लॅक कॅन्यन, कारण लास वेगासहून विलो बीच तासाभरावर आहे, तर पेज साडेचार तासांवर. एकच दिवस असेल तर विलो बीच ते एमराल्ड केव्ह. लेक मीडवरच कयाक न्यायचा विचार असेल तर तो मी सोडून देईन: उघडा वारा, लांब किनारे, आणि दरीची मजा नाही.

दोन्ही करायचं तर किमान सहा दिवस हवेत, कारण मधे सवातीनशे मैलांचा रस्ता आहे. हूवरच्या परवान्याची तारीख आधी पक्की करा आणि पॉवेल तिच्याभोवती बसवा. भाड्याच्या गाडीच्या छताला आडव्या दांड्या नसतील तर फोमचे ठोकळे आणि बकलचे पट्टे घ्या. पट्ट्याला एक पीळ दिला की हायवेवर तो घोंगावत नाही, आणि पुढचं-मागचं टोक दोराने वेगळं बांधा. हवेची कयाक असेल तर गार पाण्यात ती मऊ पडते म्हणून पुन्हा हवा भरली जाते, आणि तीच जेवणाच्या वेळी तापलेल्या वाळूवर राहिली की शिवण फुटते. काठावर ओढताच थोडी हवा सोडा.

लेक मीड आणि पॉवेल दोन्हीत क्वागा शिंपले, म्हणजे होड्यांना चिकटून नव्या पाण्यात पसरणारे बाहेरचे शिंपले, पसरलेले आहेत. एका पाण्यातून दुसऱ्यात जाण्याआधी कयाक धुऊन, बुच काढून, घड्यांमधलं पाणी पुसून पूर्ण वाळवा. प्रवासाच्या दिवशी निघण्याआधी यासाठी तासभर राखून ठेवा. हवेच्या कयाकला त्याहून जास्त लागतो.