फ्लोरिडात वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्टचं परमिट काढलं, ५ पैकी ४ स्टार

फ्लोरिडात जागा घेऊन काहीतरी बांधायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी नीट वाचा, बाकीच्यांनी टाइमपास म्हणून वाचा. बायको डेंटिस्ट आहे, दहा वर्षं भाड्याच्या जागेत प्रॅक्टिस केली, शेवटी स्वतःचं क्लिनिक बांधायला पावणेदोन एकरचा तुकडा घेतला. मला वाटलेलं काउंटीचं बिल्डिंग परमिट काढलं की सुटलो. कसलं काय. इथे वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट म्हणून एक वेगळंच प्रकरण आहे आणि त्यांचं एन्व्हायर्नमेंटल रिसोर्स परमिट, थोडक्यात ईआरपी, हातात आल्याशिवाय जागेवर फावडं मारायची सोय नाही. (आयटीवाल्यांनो, हे सॅप-ओरॅकलचं ईआरपी नव्हे. पहिल्या दिवशी मी पण तेच समजून "हो हो, माहितीये मला" म्हणालो होतो.)

आमचं डिस्ट्रिक्ट कुठलं ते लिहीत नाही, अजून बांधकाम झाल्यावरची तपासणी बाकी आहे, उगाच कशाला. राज्यात अशी ५ आहेत, १९७२ च्या कायद्यातून आलेली, आणि त्यांच्या हद्दी काउंटी बघून नाही तर पाणी कुठे वाहतं ते बघून आखल्यात, त्यामुळे ऑरलँडोवाली ऑरेंज काउंटी अर्धी एकाकडे आणि अर्धी दुसऱ्याकडे असा प्रकार आहे. आपल्याकडे कृष्णा खोरे, तापी खोरे अशी महामंडळं आहेत ना, तसंच खोऱ्याप्रमाणे, फक्त आपली मुख्यतः धरणं-कालवे बघतात आणि ही मंडळी पूर, पाणीपुरवठ्याचं नियोजन, पाणथळ जागा सगळं बघून वर परमिटही देतात. घराच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात यांच्या नावाची एक छोटीशी ओळ असते. दहा वर्षं मुकाट भरत होतो, एकदाही विचारलं नाही की हे कोण बाबा.

परमिट लागतं कधी, तर गाड्या जातील-येतील असा पक्का भाग ४,००० चौरस फुटांच्या वर गेला किंवा छप्पर, फुटपाथ धरून एकूण पक्का भाग ९,००० च्या वर गेला, की लागलं. पाणथळ जागेत हात घालायचा असेल तर मग चार फुटांचं काम असलं तरी आधी विचारायचं. आम्हाला २२ गाड्यांचं पार्किंग हवं होतं, म्हणजे ४,००० कधीच ओलांडलं. कारण सरळ आहे. जमीन ताटासारखी सपाट, पावसाळ्यात रोज दुपारी तासभर असा कोसळतो की वायपर हरतो, आणि डांबर टाकलं की ते सगळं पाणी शेजाऱ्याच्या दारात. म्हणून तुमच्या प्लॉटचं पाणी तुम्हीच अडवायचं, गाळायचं, मग हळूहळू सोडायचं. इथल्या प्रत्येक दुकानाच्या मागे एक तळं किंवा गवताचा खड्डा असतो तो हाच, मी इतकी वर्षं त्याला शोभेचं समजत होतो.

आता आमची चूक, सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. जागा बघितली मार्चमध्ये. मार्च म्हणजे इथला कोरडा सीझन, मागच्या कोपऱ्यात सायप्रसची पाच-सात झाडं, खाली वाळका पाचोळा, पायाखाली धूळ. ब्रोकर म्हणाला छान सावली आहे. आम्ही पण म्हणालो छान सावली आहे. सही केली.

सिव्हिल इंजिनिअर कुणाच्या तरी ओळखीने मिळाला, नाव सांगणार नाही पण माणूस गोडबोल्या आणि सगळं उद्यावर टाकणारा. त्याने त्या कोपऱ्यावर पार्किंगच्या चार जागा आखल्या, पावसाचा खड्डा पण मागेच दाखवला आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्ज पोर्टलवर चढवला. डिस्ट्रिक्टला कायद्याने ३० दिवस असतात अर्ज बघून काय कमी आहे ते विचारायला. २९ व्या दिवशी पत्र आलं. त्याला रिक्वेस्ट फॉर ॲडिशनल इन्फर्मेशन म्हणतात, आरएआय, आमच्या घरात त्याचं नाव पडलं राई. चौदा प्रश्न होते. बायको म्हणाली, राईचा पर्वत म्हणतात तो हाच.

मी वैतागून ते पत्र रात्री जेवण झाल्यावर वाचायला बसलो आणि खरं सांगू, एकही प्रश्न फालतू नव्हता. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलाच्या पातळीपेक्षा खाली दाखवलाय, मग तो भरलेलाच राहणार, त्यात पावसाचं पाणी मावणार कुठे? मातीची बोअर टेस्ट कुठे आहे? कोपऱ्यातली झाडं पाणथळ जागेतली दिसतात, हद्द कुणी आखली? हे तर मला, कोड लिहिणाऱ्या माणसालाही कळत होतं. इंजिनिअरला फोन केला तर म्हणे नॉर्मल आहे, सगळ्यांना येतात. उत्तर द्यायला ९० दिवस मिळतात आणि ह्या भल्या माणसाने ८६ व्या दिवशी उत्तर दिलं.

मधल्या काळात, एप्रिलमध्ये, डिस्ट्रिक्टची पर्यावरणवाली बाई जागेवर आली. हा भाग मला सगळ्यात आवडला म्हणून सविस्तर लिहितो. बाई साठीच्या आसपास, गुडघ्यापर्यंत सापाचे बूट, हातात मातीत घुसवायचा लांब गिरमिट. मी स्पोर्ट्स शूज घालून. मी लगेच म्हणालो, मॅडम इथे पाणी नाहीच आहे, बघा, धूळ उडतेय. ती काही बोलली नाही, मला एका सायप्रसजवळ घेऊन गेली आणि खोडावर बोट ठेवलं. माझ्या पोटरीच्या मध्यापर्यंत खोड स्वच्छ, गुळगुळीत, आणि त्याच्या वर एकदम करड्या-हिरव्या पापुद्र्यांची दाटी. दगडफूल! आपण गोडा मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतलं. म्हणाली, हे पाण्याखाली तग धरत नाही, त्यामुळे जिथपर्यंत पाणी बरेच दिवस उभं राहतं तिथपर्यंत ते नसतं. दुसऱ्या झाडावर तीच उंची. तिसऱ्यावर तीच. कुणीतरी दोरी लावून रेघ मारल्यासारखी.

आमचं मूळ गाव सांगली. तिकडे गावभागात घरांच्या भिंतींवर २००५ च्या आणि २०१९ च्या पुराच्या रेघा लोकांनी रंगवून ठेवल्यात, ह्याच्या वर आलं होतं, त्याच्या खाली होतं. मी ती रेघ बघत लहानाचा मोठा झालेला माणूस नाही, पण २०१९ नंतर दर सुट्टीत काका हात धरून दाखवतात. आणि इथे झाडाने स्वतःची रेघ मारून ठेवलेली, मला दिसली नाही, ब्रोकरला दिसली नाही, इंजिनिअरला दिसली असेल तर तो बोलला नाही. मग तिने गिरमिट फिरवून माती काढून दाखवली, वरचा थर काळाभोर, हाताला शाडूसारखा चिकट. इथे हद्द ठरवायला झाडं, माती आणि पाण्याच्या खुणा असं तिन्ही बघतात, आज पाणी आहे का नाही ह्याला विशेष किंमत नाही. गुलाबी रिबिनी बांधत बांधत ती चालत गेली आणि आमच्या पार्किंगच्या चारही जागा त्या रिबिनींच्या पलीकडे, पाणथळ भागात गेल्या.

तिथेच उभं राहून तिने पर्याय सांगितले. पार्किंग तिथेच हवं असेल तर पाणथळ जागेचं नुकसान मोजायचं, त्याचे गुण काढायचे आणि मिटिगेशन बँकेतून तेवढी क्रेडिट्स विकत घ्यायची. बँक म्हणजे कुणीतरी दुसरीकडे पाणथळ जमीन राखून सुधारलेली असते, तिचे हिस्से विकतात. भाव चौकशी केल्यावर बायको म्हणाली एवढ्यात एक अख्खी डेंटल चेअर येईल. दुसरा पर्याय, कोपरा सोडा आणि पाणथळ जागेच्या हद्दीपासून सरासरी २५ फूट, कुठेही १५ पेक्षा कमी नाही, एवढं अंतर ठेवा. आम्ही कोपरा सोडला. २२ च्या १८ जागा झाल्या, खड्डा पुढे उंचावर आणला.

पुढचं भराभर सांगतो. दुसरी राई २७ दिवसांत, फक्त तीन प्रश्न. आमचं उत्तर ७४ दिवसांनी. फाइल पूर्ण झाली की निर्णयाला ६० दिवसांची मुदत असते, आम्हाला ४१ दिवसांत मिळालं. मी एक्सेलमध्ये बेरीज केली, डिस्ट्रिक्टच्या टेबलावर ९७ दिवस, आमच्या टेबलावर १६०. सरकारी कामाला शिव्या घालायची हौस असलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा आकडा जरा लागला. एक नशीब म्हणजे पावसाच्या पाण्याचे नवे नियम २०२४ मध्ये आलेत, नायट्रोजन-फॉस्फरस किती कमी करणार ते गणित करून दाखवायचं, पण २८ डिसेंबर २०२५ च्या आत फाइल पूर्ण झालेल्यांना जुने लागू होते, त्यात आम्ही बसलो. तुम्ही आता जाणार असाल तर नवेच लागतील, इंजिनिअरला पहिला प्रश्न हा विचारा.

आणि अजून एक गोष्ट जी कळल्यावर मी दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही. १० एकरच्या आत प्रोजेक्ट, २ एकरच्या आत पक्का भाग आणि पाणथळ जागेला अजिबात हात नाही असं असेल तर एक सेल्फ-सर्टिफिकेशनचा मार्ग आहे, डिझाइन लायसन्सवाल्या इंजिनिअरचं लागतं पण हे राई-बिई काही नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून कोपरा सोडून आखलं असतं तर बहुतेक तेवढ्यावर भागलं असतं. हे आम्हाला कुणी सांगितलं, तर त्याच बाईंनी, जाता जाता. तोवर लोन देणाऱ्या बँकेने ईआरपीची अट लिहून टाकलेली.

म्हणून जागेवर सही करायच्या आधी डिस्ट्रिक्टकडे प्री-ॲप्लिकेशन मीटिंग (अर्ज करण्याआधीची भेट) मागा, आम्हाला नंतर कळलं की तिचे पैसे पडत नाहीत. आणि शेजारच्या प्लॉटची फाइल वाचा. फ्लोरिडात सरकारी कागद लोकांना उघडे असतात, नकाशावर क्लिक केलं की शेजाऱ्याचं परमिट, मातीचे रिपोर्ट, त्याला आलेल्या राया, सगळं दिसतं. आमच्या शेजारच्या टायरवाल्याच्या फाइलमध्ये आमचाच कोपरा पाणथळ म्हणून रंगवलेला होता, कित्येक वर्षांपासून. फुकटात.

एक स्टार कापला तो पोर्टलसाठी. अर्ध्या तासात लॉगआउट होतं, मोठी पीडीएफ घेत नाही, तुकडे करून चढवावी लागते आणि मग तुकड्यांचा क्रम स्वतःच बदलतं. शिवाय हे एकच परमिट म्हणजे सगळं झालं असं नाही. फेडरल हद्दीतली पाणथळ जागा असेल तर आर्मी कोअरचं (अमेरिकी लष्कराचं इंजिनिअरिंग खातं) वेगळं, ते काम राज्याने डिसेंबर २०२० मध्ये स्वतःकडे घेतलं होतं पण फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने परत कोअरकडे पाठवलं. प्लॉटवर गोफर कासवाचं (बिळात राहणारं, कायद्याने संरक्षित कासव) बीळ निघालं तर त्याचं खातं अजून वेगळं, बिळापासून २५ फुटांच्या आत काम नाही. आमच्याकडे नव्हतं, एक आर्माडिलोचं (अंगावर कवच असलेला छोटा प्राणी) निघालं, त्यावरून दोन दिवस धाकधूक.

सप्टेंबरात, परमिट यायच्या आठवड्यात, चांगला पाऊस झाल्यावर मुद्दाम प्लॉटवर गेलो. त्या कोपऱ्यात पाणी होतं, चहासारखं तांबूस, आणि गुलाबी रिबिनींच्या बरोब्बर आत. एक रिबिन सुद्धा चुकलेली नव्हती.

आता खड्डा खणून गवत लावून झालंय. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, हे आमचं तळं म्हणून. तिने विचारलं पाणी कुठाय. म्हणलं पाणी राहायला नाहीच पाहिजे, पाऊस पडल्यावर ७२ तासांत कोरडं झालं नाही तर उलट आपल्यालाच नोटीस. मागे सायप्रसखाली साचतं ते मात्र तसंच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. आई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बांधलेलं तळं कोरडं ठेवायचं आणि न बांधलेलं भरलेलं, आणि ह्याला तुला वर्ष लागलं?